खालची डांबरी

सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण ग्रुपवर पडलं आणि खाली "आठवणी लिहून पाठवा" असं वाचलं, तेव्हापासून रोज रात्री लिहायला बसतोय आणि रोज भूगोलाच्या सरांवरच येऊन थांबतोय. नाव लिहीत नाही, आपल्या शाळेत "सर" म्हटलं की एकच. बाकी स्नेहसंमेलनं, हॉस्टेलची आमटी वगैरे इतर लोक लिहितीलच.

आपल्या कोयना भागात धक्के म्हणजे घरचेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा (६.३ चा) आमच्या आईवडलांनी भोगलेला, आमच्या वाट्याला आले ते बारके. तावदानं खडखडली की सगळा वर्ग मैदानात, आणि हजेरीच्या आधी सरांचा प्रश्न ठरलेला, "पहिला टक आणि नंतरचा हेलकावा, मधे किती मोजलं?" टक म्हणजे पी वेव्ह, भूकंपाची आधी पोचणारी वेगवान लहर, हेलकावा म्हणजे एस, तिच्यामागून येणारी संथ लहर, मधल्या सेकंदांना ८ नं गुणलं की भूकंप साधारण किती किलोमीटरवर झाला ते कळतं. आमचं उत्तर बहुतेक वेळा दोन सेकंद. "म्हणजे धरणाच्या आसपासचाच आहे, चला वर्गात."

पण मला लिहायचंय ते शर्यतीबद्दल. नववीत होतो. शाळेमागं तेव्हा नांगरलेलं रान होतं आणि त्याच्या खालच्या अंगानं डांबरी रस्ता. सरांनी मला आणि माझ्या बाकावरच्या गड्याला घंटेपाशी उभं केलं, त्याला सांगितलं ढेकळांतून सरळ पळायचं आणि मला सांगितलं आधी खाली डांबरीवर उतर, तिथून पळ आणि शेवटी परत वर चढ. पहिल्यांदा आंब्यापर्यंत. मी रस्त्यावरून वर चढतोय तोवर हा आंब्याला टेकून दात काढत उभा. मग सर म्हणाले आता मारुतीच्या देवळापर्यंत. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तापलेल्या डांबरीवरून अनवाणी पळालो, पण देवळाशी मी आधी पोचलो. सर पायाकडं बघेनात, त्यांचं लक्ष घड्याळात. मग सगळ्यांना विचारलं, हा लांबून गेला तरी आधी कसा आला? सगळे गप्प. शेवटी तो गडीच धापा टाकत म्हणाला, "सर, त्याला डांबरी मिळाली की."

"बरोबर. तसंच जमिनीच्या पोटात पण खाली कुठंतरी डांबरी आहे."

मग फळ्यावर मोहोरोविचिच ह्या क्रोएशियन शास्त्रज्ञाचं नाव, जे सरांना स्वतःला तीनदा खोडून लिहावं लागलं. ऑक्टोबर १९०९ मध्ये झाग्रेबजवळ भूकंप झाला, ह्या माणसानं वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी मांडल्या तर लांबच्या केंद्रांवर एकाच भूकंपाच्या दोन-दोन पी लहरी आलेल्या. एक पृथ्वीच्या वरच्या कवचातूनच सरळ आलेली, सेकंदाला सहाएक किलोमीटरनं, दुसरी खाली उतरून आठाच्या वेगानं पळून परत वर आलेली, म्हणून लांबच्या ठिकाणी तीच आधी. वेग बदलतो तिथं कवच संपतं. त्यानं ही खोली ५४ किलोमीटर काढली होती, एक खड्डा न खणता!

मी आज हैदराबादला हेच करतो, स्क्रीनवर पहिली लहर कुठं आली त्यावर खूण करत बसतो, पगार बरा आहे, चष्मा लागलाय. सत्तरच्या दशकात गुहागर ते चोरोची अशी रेघ धरून सुरुंग लावून आपल्याच खालचं कवच मोजलं होतं, साधारण ३५-४० किलोमीटर निघालं, हे मला नोकरीत कळलं. आणि अलीकडं कोयनेजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं त्यात काळा पाषाण सव्वा किलोमीटरवर संपला, खाली ग्रॅनाइट. तेव्हा पहिल्यांदा वाटलं सरांना फोन करावा. फोन करायला सर राहिले नव्हते.

त्या रानात आता नवीन इमारत आहे, पुढं पेव्हर ब्लॉक. छान आहे, पण नववीला ढेकळं कुठं दाखवणार? रस्ता तेवढा आहे, रुंद झालाय.

परवा त्या गड्याला फोन केला, म्हटलं येतोस का कार्यक्रमाला. म्हणाला येतो की, देवळापर्यंत परत पळू, पण ह्या खेपेला डांबरी माझी.