तुम्ही विचारलंत म्हणून: कंबर नेमकी कुठे असते?

पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या बायका एकच प्रश्न विचारायच्या, "कधी मिळेल?" आणि मी ठरलेलं खोटं सांगायचे, "गुरुवारी." हल्ली त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. "काकू, माझा बॉडी शेप कोणता हो?" कॉलेजातल्या मुली विचारतात, लग्नाच्या नवऱ्या विचारतात, परवा तर साठीच्या एका बाईंनी विचारलं आणि विचारून झाल्यावर स्वतःच लाजल्या.

पुण्यात राहत्या घरातल्या पुढच्या खोलीत सव्वीस वर्षं मी ब्लाउज शिवते आहे. खरं सांगायचं तर आकाराचं नाव मला कधी लागलं नाही. पण प्रश्न इतक्यांदा आला की एकदा नीट उत्तर द्यावं म्हटलं. माझं उत्तर थोडक्यात असं, की तुमचा आकार चुकत नाही, तुमची कंबर चुकते.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती. मोबाइलवर, बॉडी शेप सांगणाऱ्या पानात तीन आकडे भरून ती "आयत" निघाली होती आणि त्यावरून जरा खट्टू होती. आकडे बघितले. छाती 36 इंच, कंबर 32, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) 39. तिला म्हटलं, "कंबर कुठे मोजलीस दाखव." तिने बेंबीच्या खाली, जीन्सचा पट्टा बसतो तिथे बोट ठेवलं. मी टेप घेतली आणि खरी कंबर मोजली, साडेअठ्ठावीस आली. साडेतीन इंचांचा फरक. बाकीचे दोन्ही आकडे तिचे बरोबर होते.

आता गंमत बघा. माझी पुतणी फॅशन डिझाइन शिकली, तिच्या वहीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातली एक पद्धत होती, 2004 च्या सुमाराची. त्यात नुसत्या वजाबाक्या आहेत. छाती आणि सीट यांत फार फरक नाही (छाती सीटपेक्षा एका इंचाहून जास्त नको, सीट छातीपेक्षा 3.6 इंच किंवा जास्त नको), शिवाय छातीतून कंबर वजा केली तर 9 इंच किंवा सीटमधून कंबर वजा केली तर 10 इंच तरी उरतात, म्हणजे डमरू. वरखाली फरक 3.6 इंचांहून कमी पण कंबर तेवढी आत गेलेली नाही, म्हणजे आयत. सीट छातीहून 3.6 इंच किंवा जास्त मोठी असेल तर खाली रुंद त्रिकोणाकडे, छाती तेवढी मोठी असेल तर उलट्या त्रिकोणाकडे. यांत आणखी पोटप्रकार आहेत, एकूण नऊ. ते सोडून देऊ.

या मुलीच्या 39 मधून 32 गेले की 7 उरतात, म्हणून आयत. 39 मधून 28.5 गेले की साडेदहा, म्हणून डमरू. एका संध्याकाळी, एकाच देहाचे दोन आकार. ती खूश होऊन गेली. मी मात्र विचारात पडले, कारण माझ्याकडे स्वतःची मापं लिहून आणणाऱ्या दहातल्या आठ बायकांची कंबर अशीच खाली घसरलेली असते.

कारण आपल्याकडे कंबर म्हणजे परकराची नाडी. साडी नेसणाऱ्या बाईला विचारलंत तर ती नाडीवर हात ठेवेल, आणि जीन्सवाली पट्ट्यावर. दोन्ही जागा खऱ्या कंबरेच्या दोन-तीन इंच खाली. शिवणातली कंबर म्हणजे धडाचा सगळ्यात बारीक भाग, बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली. शोधायची युक्ती सोपी आहे. एक नाडी किंवा इलॅस्टिकचा तुकडा पोटाभोवती सैलसर बांधा आणि डावी-उजवीकडे दोन-चार वेळा वाका. नाडी आपोआप जिथे जाऊन बसते ती कंबर. ती नाडी तिथेच राहू द्या, पुढची मापं तिच्यावरून घ्यायची आहेत.

तिसरी कंबर डॉक्टरांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मधोमध टेप लावतात. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90, यापुढे गेलं की डॉक्टर भुवया उंचावतात. म्हणजे ब्लाउजसाठी एक, परकरासाठी दुसरी, डॉक्टरांसाठी तिसरी. तिघी खऱ्याच, पण एकीचा आकडा दुसरीच्या रकान्यात भरला की घोळ होतो.

आता टेपचं. माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगते, कारण हसणारे हसोत. माझी एक टेप होती, पहिल्या वर्षीची, लाडकी. तिच्यावर मी इतकी वर्षं ओढाताण केली की ती ताणली गेली होती, मला पत्ताच नाही. एका लग्नघरचे सात ब्लाउज शिवले आणि सातही छातीत आवळले. ताणलेल्या टेपवरच्या रेघा लांब लांब होतात, म्हणून माप कमी भरतं. साठ इंचांची टेप इंचभर वाढली असेल तर छत्तीसच्या छातीला अर्ध्या इंचाहून जरा जास्तच कमी दाखवते. कापडही त्याच टेपने मोजलं असतं तर चूक फिटली असती, पण कापते मी स्टीलच्या पट्टीवर. सातही ब्लाउज रात्रभर उसवले. आतली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, सोडवून सगळे बसवले, आणि सकाळी ती टेप मुलाला पतंगाची शेपटी करायला दिली. तेव्हापासून दर दिवाळीला टेप स्टीलच्या पट्टीशी लावून बघते. तुमच्या घरातली टेप शिवणाच्या डब्यात सासूबाईंच्या काळापासून असेल तर तुम्हीही बघा. टोकाची पितळी पट्टी निघाली असेल तर ती टेप टाकूनच द्या.

मोजताना अंगावर पातळ कपडा हवा. आणि ज्या ब्रावर तो ब्लाउज घालणार, तीच ब्रा. हे मी शंभरदा सांगते, तरी नवऱ्या मुली रोजच्या जुन्या ब्रावर माप देतात आणि लग्नाच्या दिवशी पॅडची घालतात. मग छाती वर जाते, टक्स (छातीला आकार देणाऱ्या चुण्या) खाली राहतात आणि फोटोत दोष शिंपिणीचा दिसतो.

स्वतःचं माप स्वतः घेऊ नका, निदान छातीचं तरी. आकडा वाचायला मान खाली घातली की पाठ वाकते, आणि पाठीमागे टेप घसरून कमरेकडे निघाली आहे हे तुम्हाला दिसत नाही. आई, जाऊबाई, रूममेट, कुणीही चालेल. कुणीच नसेल तर आरशाकडे बाजू करून उभं राहा आणि टेप जमिनीला समांतर आहे का ते बघा. हात वर करून टेप गुंडाळायची, मग हात खाली सोडायचे, मग वाचायचं. पाय जुळवलेले, श्वास नेहमीसारखा. टेपखाली एक बोट सहज सरकावं, दोन नाही. सीट मोजताना टेप सगळ्यात भरलेल्या जागी, कमरेच्या नाडीपासून साधारण सात ते नऊ इंच खाली.

आणि पोट आत घेऊ नका हो. माझ्यासमोर टेप आली की बायकांची पोटं आपोआप आत जातात. मी मग गप्पा काढते, "मुलगा कितवीत आहे?" उत्तर देताना श्वास सुटतो, पोट जागेवर येतं आणि मी आकडा टिपून घेते. सव्वीस वर्षांत ही युक्ती कधी फसलेली नाही.

प्रत्येक माप दोनदा. दोन्हींत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पाळीच्या आधी किंवा पुरणपोळीनंतर कंबर मोजून रडू नये.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. समजा तुम्ही सगळं नीट मोजलंत आणि आकाराचं नाव मिळालं. त्या नावाने ब्लाउज बसत नाही. माझ्याकडे दोघी मैत्रिणी येतात, दोघींची छाती 38. एकीची पाठ रुंद, खांदे भरलेले, छाती बेताची. दुसरी पाठीने अरुंद, छाती जड. टेपला दोघी सारख्याच. दुसरीचा ब्लाउज मी नुसत्या 38 वर कापला असता तर खांदा उतरला असता आणि गळा पुढून उचलला असता. म्हणून मी काखेखालून, छातीच्या वरून आणखी एक माप घेते, वरची छाती. पहिलीची 37 आली, दुसरीची साडेचौतीस. दुसरीचा ब्लाउज वरच्या छातीवर कापला आणि उरलेलं कटोरीत, म्हणजे छातीवरच्या गोल भागात दिलं. बसला. मोबाइलवरच्या त्या तीन रकान्यांत हे माप विचारतच नाहीत. तुम्ही मात्र लिहून ठेवा.

असंच काहीसं डॉक्टरांनाही दिसलं आहे. आमच्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. वजन-उंचीच्या हिशोबाने दोघांचा आकडा एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. एका ग्राहक डॉक्टरीणबाईंनी मला हे दाखवलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, हे तर माझे दोन अडतीस!

"पण मग डमरू असणं चांगलं ना?" हे पुढचं विचारणं ठरलेलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या त्याच विद्यापीठात सहा हजारांवर अमेरिकन बायकांची मापं तपासली तेव्हा त्यांत डमरू निघाल्या सुमारे 8 टक्के. आयत जवळजवळ निम्म्या. म्हणजे आयत हा दोष असेल तर निम्मं जग सदोष आहे. मला विचाराल तर आयत अंगावर प्रिन्सेस कट सुरेख बसतो, आणि नऊवारीचा काष्टा तर कुणाच्याही आकाराला भीक घालत नाही.

तयार कपड्यांच्या एस, एम, एलचं मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेत 1939-40 मध्ये सरकारने जवळजवळ 15 हजार बायकांची, प्रत्येकीची 59 मापं घेतली होती, आणि त्यांवरून पुढे तिकडच्या साइझा ठरल्या. आपल्याकडे असं काही नव्हतं म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने मुंबईसह सहा शहरांत 25 हजार माणसं मोजण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यावरच्या साइझा दुकानात येईपर्यंत तिथला मीडियम म्हणजे दुकानदाराचं मत.

राहिला प्रश्न मापाच्या ब्लाउजचा. "काकू, माप कशाला, हा घ्या मापाचा ब्लाउज," असं म्हणत पिशवीतून जो निघतो तो बहुधा बारशाच्या वेळचा असतो, आणि ते बाळ आता दहावीला असतं. चालेल, आणा. पण तो आज अंगात घालून दाखवा. हुक लागले तर मी त्यावरून शिवेन.

आणि मापाच्या कागदावर तारीख घाला. न्यू जर्सीहून भाची व्हॉट्सअ‍ॅपवर मापं पाठवते, त्यांत इंच की सेंटिमीटर तेही लिहीत नाही. एकदा कंबर 74 वाचून मी पाणी प्यायले. पुढे कुणाची मापं पाठवाल तर तारीख, एकक, कंबर कुठे मोजली, आणि माया किती हवी, एवढं लिहा. मायेचं काही लिहिलं नसेल तर मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवते.