निरीक्षणांची फाइल: डब्यात डबा, पण झाकणासकट

पावसाळा, दुर्बीण झाकलेली, म्हणून कीबोर्ड. डेल्टा सेफी या तेज बदलणाऱ्या ताऱ्याचा आवर्तनकाळ जेमतेम 5.37 दिवसांचा, त्यामुळे लागोपाठच्या रात्री पकडाव्या लागतात आणि पसारा साठतो. तो सगळा एका एचडीएफ5 फाइलीत (फोल्डरमध्ये फोल्डर ठेवावा तसा डेटा साठवणारा फाइल-प्रकार) लावतोय. प्रतिमांसाठी फिट्स (खगोलशास्त्रातला फाइल-प्रकार) मला अजूनही आवडतं, पण हेडरमधल्या (सुरुवातीच्या नोंदींतल्या) नावाला जेमतेम 8 अक्षरं आणि सगळे भाग एका रांगेत! माझा डेटा पायथनमध्ये डिक्शनरीत (नाव आणि त्याखालचा ऐवज अशा जोड्या) डिक्शनरी असा आहे: रात्र, तिच्यात फिल्टर, त्यात मोजमापं.

लिहिणारा कोड छोटा आहे. डिक्शनरी आली की ग्रुप (फाइलीतला डबा), अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) आला की डेटासेट, सुटा आकडा किंवा शब्द अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (डब्यावरच्या चिठ्ठीत). लिहायचं, परत वाचायचं आणि मूळ वस्तूशी ताडायचं, एवढीच परीक्षा. पहिल्या फेरीत सपशेल नापास.

रात्रींना मी सवयीनं ‘12/11’, ‘12/12’ अशी नावं दिली होती. एचडीएफ5 मध्ये तिरपी रेघ म्हणजे वाट. एचफाइव्हपाय या पायथनच्या लायब्ररीनं निमूटपणे ‘12’ नावाचा ग्रुप केला आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या दोन्ही रात्री त्याच्या पोटात घातल्या. एरर नाही, वॉर्निंग नाही. आता तारखा ‘2024-11-12’ अशा, शिवाय नावात तिरपी रेघ आलीच तर तिथे ‘%2एफ’. (आधी खुद्द ‘%’चं ‘%25’ करा, नाहीतर परत वाचताना घोळ होतो.)

दुसरा घोळ क्रमाचा. ग्रुपमधली नावं एरवी वर्णक्रमानं परत येतात: तारा1, तारा10, तारा2. माझ्या तक्त्याचे स्तंभ तुलना-ताऱ्यांच्या क्रमावर बेतलेले, त्यामुळे तारा2 ची तेजस्विता तारा10 च्या नावावर चढली. ग्रुप बनवतानाच ‘ट्रॅक ऑर्डर’ (घातलेला क्रम जपणारी सोय) चालू करावं लागतं, आणि आतल्या प्रत्येक ग्रुपसाठी वेगळं.

सगळ्यात जास्त वेळ मास्टर फ्लॅटनं (कॅमेऱ्यातला उजेडाचा असमानपणा काढायला वापरतात ती प्रतिमा) खाल्ला. 16 मेगापिक्सेल, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 64 एमबी. आणि सात रात्रींना तोच एक. भोळ्या कोडनं सात प्रती लिहिल्या. जागेपेक्षा मला डाचलं ते हे की परत वाचल्यावर ते सात वेगळे अ‍ॅरे झाले. एक दुरुस्त केला तर बाकीचे सहा जुनेच. आता लिहिताना ‘ही वस्तू आधी कुठे ठेवली’ याची नोंद ठेवतो आणि दुसऱ्यांदा भेटली की हार्ड लिंक, म्हणजे त्याच डेटाला आणखी एक नाव. नोंदीत आयडीबरोबर (पायथननं वस्तूला दिलेला ओळख-क्रमांक) वस्तूही धरून ठेवा. ती मेमरीतून गेली तर पायथन तिचा आयडी दुसऱ्याला देऊ शकतो. वाचतानाही फाइलीतला पत्ता पाहून तसंच ताडतो.

लिस्ट, टपल (न बदलता येणारी यादी) आणि डिक्शनरीतल्या पूर्णांकी किल्ल्या (नावांऐवजी आकडे) परत तशाच वाचता याव्यात म्हणून ‘प्रकार’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट चिकटवलंय. ‘नन’साठी (पायथनमधलं ‘काहीच नाही’) एम्प्टी, म्हणजे रिकामी नोंद.

काल जादा सहा प्रती उडवल्या, तरी फाइल तेवढीच. एच5रीपॅक (फाइल नव्यानं लिहून मोकळी जागा काढणारं साधन) चालवल्यावरच ती आटली.