पेन ड्राइव्हचं राइट प्रोटेक्शन काढताना: माझा अनुभव

३२ जीबीचा पेन ड्राइव्ह. फाइल टाकायला गेलं की विंडोजचं एकच उत्तर: डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे, म्हणजे तिच्यावर काही लिहायला बंदी आहे. वाचता मात्र सगळं येत होतं, म्हणून आधी आतला डेटा दुसरीकडे उतरवून घेतला. असा ड्राइव्ह उद्या उघडेलच याचा भरवसा नसतो. फॉरमॅटची घाई इथेच नडते.

मग कुलूप कुठे आहे ते शोधलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिहिता आलं असतं, तर दोष पहिल्या कॉम्प्युटरचा ठरला असता. तिथेही अडलं.

काही पेन ड्राइव्हना बारीक स्विच असतो, याला नव्हता. असंच कुलूप एसडी कार्डालाही असतं: त्याच्या डाव्या कडेला सरकपट्टी असते, ती खाली म्हणजे लॉक. ती आतल्या सर्किटला कुठेच जोडलेली नसते; तिची जागा फक्त कार्ड रीडर ओळखतो. पट्टी सैल झाली की कार्ड आत सारतानाच घसरते. पट्टी वर सरकवून त्यावर चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावला की भागतं. मायक्रोएसडीला पट्टी नसते, त्यामुळे तिथे अ‍ॅडॉप्टरची पट्टी बघायची.

तरी खात्रीसाठी कॉम्प्युटरच्या बाजूने दोन जागा तपासल्या. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल या वाटेने जाऊन स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज. तिथे राइट प्रोटेक्टची किंमत १ असेल तर ० करायची. स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज ही की (रजिस्ट्रीतला कप्पा) मुळात नसेल तर मुद्दाम तयार करू नये. नाही म्हणजे तिथलं बंधनही नाही. दुसरी जागा ग्रुप पॉलिसीतलं (विंडोजमध्ये नियम लावायची सोय) रिमूव्हेबल स्टोरेज अ‍ॅक्सेस. ऑफिसच्या मशीनवर ते बंधन अ‍ॅडमिननेच घातलेलं असतं, तेव्हा त्यांनाच विचारावं.

त्यानंतर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट, हे विंडोजचं डिस्क हाताळायचं टूल. 'लिस्ट डिस्क' दिल्यावर साइझ बघून आपला ड्राइव्ह ओळखायचा, 'सिलेक्ट डिस्क' आणि त्याचा नंबर, मग 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली'. नंबर दोनदा तपासा. पुढे कधी 'क्लीन' द्यायची वेळ आली, तर ती कमांड काहीही न विचारता पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) नोंद उडवते, आणि चुकून हार्ड डिस्क निवडलेली असली तर संपलंच.

आता नुसतं 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क' दिलं. खरं निदान इथे होतं. 'रीड-ओन्ली'समोर 'नो' आणि 'करंट रीड-ओन्ली स्टेट'समोर 'येस' आलं. म्हणजे विंडोजने लावलेलं कुलूप निघालं होतं, पण ड्राइव्ह स्वतःच लिहू देत नव्हता. फ्लॅश मेमरीचे सेल लिहून-पुसून झिजतात. त्यांच्या बदली ठेवलेले राखीव ब्लॉक संपले की कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी आतली चिप) लिहिणं थांबवतो, निदान आहे ते वाचता यावं म्हणून. काही ड्राइव्हमध्ये फाइल डिलीट झाल्यासारखी दिसते आणि काढून परत लावलं की जागच्या जागी हजर असते. तेही याचंच लक्षण.

कंट्रोलरची टूल्स वापरून असे ड्राइव्ह कधीकधी नव्याने चालू करता येतात, पण टूल त्याच कंट्रोलरचं नसेल तर ड्राइव्ह मरू शकतो, आणि जमलं तरी झिजलेले सेल तेच राहतात. मी त्या वाटेला गेलो नाही. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं: लिहिता येत नाही तसं पुसताही येत नाही. आत खासगी कागदपत्रं असतील तर ड्राइव्ह वॉरंटीत देऊ नये; आतली मेमरी चिप फोडून मगच टाकावा.