ढालीवरचा तिरका पट्टा

१०६६ साली झालेल्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा फ्रान्समधील बायो येथे जतन केलेल्या, सुमारे ७० मीटर लांबीच्या भरतकामात चितारलेली आहे. त्यातील नॉर्मन घोडेस्वारांच्या ढाली वर रुंद आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या असून स्वाराचा डावा पायही झाकला जावा इतक्या लांब आहेत. काही ढालींवर पंखधारी सर्प रंगवले आहेत, काहींवर क्रूस; परंतु एकच व्यक्ती वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळी ढाल घेऊन दिसत असल्यामुळे ही कुलचिन्हे नव्हेत, निव्वळ सजावट आहे, असेच मानावे लागते. नॉर्मनांचा सेनापती विल्यम मारला गेल्याची आवई उठताच तो शिरस्त्राण मागे सारून सैनिकांना आपला चेहरा दाखवतो, हे त्या भरतकामातील दृश्यही बोलके आहे. ढालीवरून सेनापती ओळखता येण्याची सोय अजून झालेली नव्हती.

ती पुढच्या शतकात झाली. फ्रान्समधील आंजू प्रांताच्या जेफ्रीला सरदारकी देताना त्याचा भावी सासरा, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने सोनेरी सिंहांची ढाल त्याच्या गळ्यात अडकवली, असे एका मठवासी बखरकाराने काही दशकांनंतर लिहून ठेवले आहे. जेफ्री ११५१ साली वारला. ल माँ येथे असलेल्या त्याच्या मीनाकारीच्या स्मृतिपट्टावर निळ्या ढालीवरील ते सिंह आजही पाहता येतात. मला मात्र त्याहून महत्त्वाचा पुरावा वाटतो तो इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमधला. तेथे १२२६ साली वारलेला जेफ्रीचा नातू विल्यम लाँगस्पे याची समाधी असून तिच्यावरील दगडी मूर्तीच्या ढालीवर सहा सिंह कोरलेले आहेत. चित्र आजोबांकडून नातवाकडे गेले आणि ढाल घराण्याची झाली.

शिरस्त्राणाने चेहरा झाकला जाऊ लागला म्हणून ही चिन्हे आली, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. धुळीने आणि चिखलाने माखलेली ढाल ऐन गर्दीत कितीशी ओळखू येणार? लढाईइतकाच, किंबहुना अधिक, वाटा प्रेक्षकांसमोर होणाऱ्या शस्त्रस्पर्धांचा असावा, कारण कोण जिंकले हे तेथे दुरून दिसणे आवश्यक होते. रंगांचा नियमही हेच सुचवतो. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, तर लाल, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, म्हणजे आकृती लांबूनही उठून दिसते. जेरुसलेमच्या राज्याने रुपेरी ढालीवर सोनेरी क्रूस ठेवून हा नियम मोडला, तो अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे.

एकदा चिन्ह वंशपरंपरेचे झाले की त्यावर हक्क सांगणारे आणि भांडणारे आलेच. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या १३८५ च्या स्कॉटलंड मोहिमेत रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर या दोघांच्याही चिन्हात निळ्या पार्श्वभूमीवर तोच सोनेरी तिरका पट्टा आढळला आणि प्रकरण सरदारांच्या न्यायालयात गेले. शेकडो साक्षी झाल्या. साक्षीदारांत कवी चॉसरही होता. फ्रान्सच्या मोहिमेत आपण हे चिन्ह स्क्रोप घराण्याकडे पाहिले होते, असे त्याने १३८६ मध्ये सांगितले. पुढे लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर ते टांगलेले दिसले तेव्हा स्क्रोप येथे उतरले आहेत का, अशी चौकशी केल्यावर ग्रोव्हनर हे नाव आपण प्रथमच ऐकले, असेही त्याने सांगितले. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरला रुपेरी किनार जोडून तोच पट्टा वापरण्याची मुभा मिळाली होती, पण १३९० मध्ये राजाने तीही काढून घेतली, तेव्हा त्याने पट्ट्याच्या जागी गव्हाची सोनेरी पेंढी घेतली. सल मात्र गेला नाही. याच कुळातील वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या ज्या घोड्याने १८८० ची डर्बी जिंकली, त्याचे नाव ‘बेंड ऑर’, म्हणजे सोनेरी तिरका पट्टा, असे होते.

दरम्यान प्रत्यक्ष ढालीचे काम आटोपत आले होते. पायांना चिलखत मिळाल्यावर ती आखूड झाली आणि पंधराव्या शतकापर्यंत, सर्वांग पोलादी पत्र्यांनी झाकले जाऊ लागल्यावर, घोडेस्वाराला तिची फारशी गरज उरली नाही. कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या हेरल्ड मंडळींना १४८४ साली सनद मिळाली, ती याच काळात.

आपल्याकडची ढाल वेगळ्या वाटेने गेली. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची अथवा पोलादाची ही ढाल वाटोळी असे, आणि तिच्यावर बहुधा दिसणारी चार फुले केवळ शोभेसाठी नसत. आतल्या बाजूच्या मुठीच्या कड्या त्यांच्याच आधाराने पक्क्या बसवलेल्या असत. तिच्यावर नक्षी असे, सोन्याचे कामही असे, पण मराठी फौजेची ओळख जरीपटक्यात आणि निशाणात होती, ढालीवर नव्हती. त्यामुळे १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने जे घडले ते मला विलक्षण वाटते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना, त्यांत शिंदे, होळकर आणि गायकवाडही होते, युरोपीय पद्धतीच्या कुलचिन्हांचे ध्वज बहाल केले. ती चिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने आखली होती. ध्वज इतके जड होते की एकेक उचलायला दोन धडधाकट हायलँडर (स्कॉटिश) शिपाई लागत. आणि ज्यांच्या शस्त्रागारांत वाटोळ्या ढाली होत्या, त्यांच्या दौलतीच्या कागदांवर पुढे युरोपीय सरदारांची खाली निमुळती होणारी ढाल छापली जाऊ लागली.