झाडूवाल्या काकू

गेली तीन वर्षं जानेवारीतल्या एका रविवारी मी आमच्या धावण्याच्या शर्यतीसाठी पहाटे साडेपाचला नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर हजर असते आणि ठरवून शेवटची येते. स्वीपर म्हणतात या कामाला. सगळ्यात मागच्या माणसाच्याही मागे चालायचं, त्याला ओलांडायचं नाही, तो पोचला की मग आपण पोचायचं. कॉलनीतली पोरं मला ‘झाडूवाल्या काकू’ म्हणतात. म्हणोत बापडी. बत्तीस वर्षं जीपीओत टपाल निवडलंय, पिशवीच्या तळाशी हात घालून चिकटून राहिलेलं पत्र काढायची सवय आहे मला.

आमची ‘मॅरेथॉन’ तीन, पाच आणि दहा किलोमीटरची. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. हे अंतरही १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून राजघराण्याच्या आसनांपर्यंत मोजल्यामुळे पडलं आणि १९२१मध्ये कायम झालं, असं आमच्या समितीतले एक दादा दर मीटिंगला ऐकवतात. त्यांचं बरोबरच आहे. पण नागपुरात तीन किलोमीटर चाललेला माणूसही घरी जाऊन ‘मॅरेथॉन मारली’ असंच सांगणार, त्याला कोण काय करणार?

मागच्या वर्षी आम्ही पत्रकावर ‘सर्वांसाठी खुली’ असं ठसठशीत छापलं आणि तोंडावर पडलो. मी शेवटच्या सात जणांना घेऊन परत आले तेव्हा हवा भरलेली कमान जमिनीवर पसरली होती. जनरेटरवाल्याला साडेआठपर्यंतचेच पैसे दिले होते, तो बंद करून निघून गेला. पाण्याच्या टेबलावर चुरगळलेले कागदी पेले तेवढे उरलेले. पुढचे पळणारे दोन-दोन पेले उचलतात, एक पितात, दुसरा डोक्यावर ओततात. मागच्यांना कोरडं टेबल. त्या सातांत एक आजोबा होते. आडव्या पडलेल्या कमानीवरून त्यांनी जपून पाय टाकला आणि मला विचारलं, “संपलं का इथंच?” मला तोंड वर करून बघवेना.

म्हणून यंदा मीटिंगमध्ये मी भांडले. पहिला ठराव: मी कमान ओलांडेपर्यंत एकही खिळा निघणार नाही. दुसरा: प्रत्येक टेबलाखाली एक कॅन लाल फीत बांधून ठेवायचा, तो माझ्या माणसांचा. संत्र्याच्या फोडींचा एक डबाही तिथेच. कट-ऑफवर, म्हणजे किती वेळात संपवायचं यावर, मात्र दोन तास गेले. पाच किलोमीटरला पन्नास मिनिटं पुरेत, असं एका तरुण धावपटूचं म्हणणं. रस्ता किती वेळ अडवायचा, पोलीस किती वेळ थांबणार, हे त्याचे मुद्दे खोटे नव्हते. मी त्याला बॉब हॉलची गोष्ट सांगितली. लहानपणी पोलिओ झालेल्या या माणसाने १९७५मध्ये बॉस्टन मॅरेथॉन व्हीलचेअरवर करायची परवानगी मागितली. तीन तासांच्या आत आलास तरच प्रमाणपत्र, अशी अट पडली. तो २ तास ५८ मिनिटांत आला. तरुण म्हणाला, “म्हणजे अट ठेवल्यानेच झालं ना काकू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरं सांगते. शेवटी दोन तासांवर तडजोड झाली, आणि साडेआठला रस्ता खुला झाला की मागच्यांनी कडेनं चालायचं.

कडेनं म्हणजे फूटपाथवरून, आणि फूटपाथवर गाड्या लावलेल्या. यंदा तीनचाकी सायकलवर आलेल्या एका मुलाला ते जमणारच नव्हतं, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या दहा मिनिटं आधी सोडला. सुरुवातीच्या रेषेजवळ वायरी झाकायला टाकलेल्या रबरी पट्टीत त्याचं पुढचं चाक अडकलं. आम्ही महिनाभर नकाशे पाहिले, ती पट्टी कोणाच्या डोक्यात आली नाही. चार जणांनी चाक उचललं आणि तो गेला भुर्रकन. मला दिसलाच नाही पुन्हा.

अंध धावणारा एक मुलगा होता. त्याच्या आणि जोडीदाराच्या हातात एका वीतभर दोरीची दोन टोकं. जोडीदार सारखा बोलत होता, “ब्रेकर, तीन पावलं... दोन... उचल.” दोरी कधी ताणली गेली नाही. जीपीओच्या लाल इमारतीपर्यंत मी त्यांच्या दोरीकडेच पाहत चालले, मग ते माझ्या टप्प्याबाहेर गेले.

उरल्या त्या पाच घरच्या पोळ्या करणाऱ्या एक बाई. पन्नाशीच्या असतील. साडी, मुलाचे बूट, वर मरून स्वेटर. पदराला पिना लावल्या तर साडी फाटेल म्हणून त्यांनी बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, स्वेटरवर टाचला होता, चारी कोपऱ्यांना चार पिना, एकदम सरळ. लेडीज क्लब चौकाच्या पुढे थांबल्या.

“काहून थांबल्या, पाय दुखून राहिला का?”

“नाही व बाई, उकडून राहिलं. पण स्वेटर काढला तर नंबर जाते ना.”

खरंच की. थंडीत साडेपाचला बोलावलेल्या माणसाला तासाभराने घाम येणार, एवढं आमच्या सूचनापत्रात कुठेच नव्हतं. बिबच्या मागे ती चिप चिकटवलेली असते, शेवटच्या मॅटवरून गेली की वेळ नोंदते. मी म्हटलं, काढा, हातावर टाका, फक्त बिब बाहेरून दिसू द्या. त्यांनी स्वेटरची घडी घातली, नंबर वर आणला आणि ताट धरावं तसा दोन्ही हातांवर धरला. जपानी गार्डनपासून वळून परत येईपर्यंत तसाच. लाल फितीचा कॅन जागेवर होता. संत्र्याच्या दोन फोडी त्यांनी खाल्ल्या, दोन रुमालात बांधल्या. “नातीले,” म्हणाल्या.

कमान उभी होती. ढोलवाली पोरं पोहे खायला पांगली होती, त्यातला एकच तर्रीने माखलेल्या बोटांनी टिपरू मारत राहिला. मॅटपाशी आल्यावर बाईंनी स्वेटर खाली वाकवून मॅटच्या अगदी जवळून नेला. चिप चुकू नये म्हणून. मेडल घेतलं, किती वाजले विचारलं आणि ऑटो शोधायला धावल्या. दहाला एका घरी पोळ्या होत्या. दिवसभरात त्या तेवढ्याच धावल्या असतील.

संध्याकाळी निकालाची यादी ग्रुपवर आली. आठ वाजता त्यांचा फोन.

“बाई, पोराने वाचून दाखोलं. तुमी तं माया बी मागं हात व!”