तुम्ही विचारलंत म्हणून: धुळ्यात घर घ्यायचं तर पेठेत की देवपुरात?

धुळ्यात घर बघायला लागलेला माणूस चार दिवसांत हाच प्रश्न घेऊन येतो: पांझरा नदीच्या अलीकडे गल्लीत घ्यावं, की पूल ओलांडून देवपुरात? नव्या जोडप्याला देवपूर हवं असतं, त्यांच्या वडिलांना गल्ली. कारणं दोघांचीही खरी. पण भावाची घासाघीस सुरू होते तरी दोन गोष्टी कोणी विचारलेल्या नसतात. नळ कितव्या दिवशी येतो? आणि कागदावर नावं किती आहेत?

आधी एक घोळ मिटवू. गल्ली म्हणजे नंबरांच्या गल्ल्यांची पेठ. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने 1819 मध्ये धुळं खानदेशाचं ठाणं केलं, तेव्हा ही वस्ती सरळ रेषेत आखली गेली. 'जुने धुळे' नावाचा भाग त्याहून वेगळा, त्यामुळे जाहिरातीत 'जुन्या धुळ्यात घर' दिसलं तर नक्की कुठे ते विचारा. देवपूरही एकसारखं नाही. दत्तमंदिराच्या आसपासचं आधीपासून वसलेलं देवपूर आणि वलवाडीच्या अंगाने वाढत गेलेली लेआउटं यांचे प्रश्न निराळे आहेत.

पाण्यापासून सुरुवात करू. या शहरात नळ रोज येत नाही आणि मधले दिवस भागाप्रमाणे बदलतात. दलाल अक्कलपाडा धरणाचं नाव सांगून तुम्हाला गप्प करेल, पण तुम्ही शेजारच्या ओट्यावर बसलेल्या आजीला विचारा, "पानी कवय येस?" (पाणी कधी येतं?) आणि उत्तरात उन्हाळ्याचे दिवस धरा. चार माणसांच्या घराला काटकसरीने रोज 400 लिटर लागतं. मे महिन्यात मोठा कूलर आणखी 80 ते 100 लिटर पितो. पाच दिवसांनी नळ येत असेल तर 2,500 लिटर झालं. एखादी पाळी चुकतेच, म्हणून दुप्पट धरा, 5,000. एवढ्यासाठी आतून साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि साडेपाच फूट खोल टाकी लागते. देवपुरातल्या बंगल्यात ती पार्किंगखाली सहज बसते. पेठेतल्या अरुंद घरात ती पुढच्या खोलीच्या पोटात खणावी लागते, आणि तिथून मोरीचा पाइप किंवा संडासाची जुनी टाकी हाताच्या अंतरावर निघते. ते अंतर मोजल्याशिवाय टाकी आहे म्हणून खूश होऊ नका.

गल्लीतले नळ कुठे आहेत तेही बघा. जमिनीखाली हात-दीड हात खड्डा करून तोटी बसवलेली दिसली, तर तिथे दाब नाही. घरोघर नळालाच मोटार जोडलेली असेल तर गोष्ट आणखी वाईट. मोटार पाण्याबरोबर फुटक्या जोडातून गटारही ओढते, आणि ती नियमाविरुद्ध आहे ते वेगळंच.

देवपुरात 'बोअर आहे ना' हे उत्तर मिळतं. ते पुरेसं नाही. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात काळ्या पाषाणात भिंतीसारखे उभे दगडी पट्टे आहेत, भूशास्त्रवाले त्यांना डाईक म्हणतात. त्यांच्यामुळे एका प्लॉटला पाणी लागतं आणि शेजारचा कोरडा जातो. बोअर मे महिन्यात सलग किती वेळ चालते ते विचारा. बाथरूमच्या टाइल्सवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर पाणी जड आहे. गीझरची कॉइल आणि डाळ शिजण्याचा वेळ दोन्ही त्याची किंमत मोजतात.

आता कागद. इथे पेठ जास्त छळते.

पेठेतल्या घराचा आधार म्हणजे सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. त्यावर बहुतेकदा आजोबांचं नाव असतं, आणि विकायला पुढे आलेला असतो एकच नातू. वारस नोंद झालेली नसेल तर सौद्याचं बोलणंच काढू नका. बहिणींच्या सह्या हमखास राहतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो पक्का केला. "ताईने सोडून दिलंय" याला अर्थ नाही. हक्कसोड पत्र नोंदणीकृत हवं, नुसतं स्टॅम्पवर नोटरी करून आणलेलं चालत नाही. तळमजल्यावर जुना भाडेकरू असेल तर तो घराबरोबर तुमच्या पदरात येतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण घेऊन. आणि भिंत सामाईक आहे का, दस्तात तसं लिहिलंय का, हे वाचा. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर पाडून बांधायचा विचार असेल तर तुमची भिंत उतरवताना शेजाऱ्याची उघडी पडते, आणि तक्रारीचा पहिला अर्ज तोच करतो. अशा घरावर बँक कर्ज देताना कुरकुरते, म्हणून बँकेचा मूल्यांकन करणारा आधी आणा, इसार नंतर द्या.

देवपुरात वारस कमी, पण जमीन शेताची होती. गट नंबर, बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा, हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. नकाशा हातात घेऊन प्लॉटवर उभं राहा आणि रस्ता टेपने मोजा. नकाशात 9 मीटर आणि जागेवर 6 भरत असेल तर कोणीतरी कंपाउंड पुढे सरकवलंय. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तुमचा 'कॉर्नर प्लॉट' त्याच मोकळ्या जागेतून कापलेला नाही ना, हे नकाशाच सांगतो. 'गुंठेवारी (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेली जमीन) आहे, नियमित होईल' असं कोणी म्हणालं तर झालेल्या आदेशाची प्रत मागा. होईल आणि झालं यांच्या भावात फरक असतो. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला देण्याची महापालिकेची परवानगी, बघा. ते नसेल तर बाकीचे कागद कितीही गुळगुळीत असोत, थांबा.

कागद कुठलेही असोत, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांची तपासणी, करून घ्या. मुद्रांक शुल्क सरकारी दर आणि सौद्याची रक्कम यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर त्यात 1 टक्का सूट आहे. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही.

जमिनीबद्दल देवपूरवाल्यांसाठी एक गोष्ट. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, कंपाउंड झुकतं, जुलैत दार घासायला लागतं. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर भेगा दिसणार नाहीत; मग कंपाउंडची भिंत आणि पार्किंगची फरशी बघा, तिथे सहसा कोणी लपवत नाही.

नदी दोन्ही बाजूंना सारखीच लागते. 1872 च्या सप्टेंबरात पांझरेने धुळ्यातली शेकडो घरं नेली होती. नगररचना विभागात पूररेषा विचारा: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आतलं घर फुकट मिळालं तरी नको.

उन्हाच्या बाबतीत मात्र लोकांचा अंदाज चुकतो. पेठेतलं दोन बाजूंनी चिकटलेलं, जाड भिंतींचं घर मे महिन्यात देवपुरातल्या चारी बाजूंनी तापणाऱ्या बंगल्यापेक्षा थंड राहतं. देवपुरात घ्यायचं असेल तर पश्चिमेला बेडरूम नको, आणि फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्याचा नको. घर बघायला दुपारी तीनला जा. दलाल सकाळी दहाला नेतो, त्यालाही कारण आहे.

गाडी, शाळा, बाजार यांचं गणित तुमचं तुम्हाला येतं. फक्त गल्लीच्या आतल्या बोळात घर असेल तर पाण्याचा टँकर आणि ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येते का, तेवढं पाहून घ्या.

माझं विचाराल तर लहान मुलं आणि दोघांची नोकरी असेल तर देवपूर, तेही आधीपासून वसलेलं, जिथे गटार आणि दिवे आधीच आहेत. दुकान आग्रा रोडला असेल आणि वारस एक-दोनच असतील तर पेठ सोडू नका. ठरलं की इसार चेकने द्या, रोख नको. पावतीत मुदत घाला, आणि हे वाक्य घाला: अमुक तारखेपर्यंत सगळ्या वारसांच्या नोंदणीकृत सह्या किंवा बिनशेतीचा आदेश दाखवला नाही तर रक्कम परत. हे वाक्य लिहायला विकणारा का-कू करू लागला, तर दुसरं घर बघायला लागा.