अर्धा वाटा

शनिवार रात्र. उद्या झावळ्यांचा रविवार, इस्टरच्या आधीचा.

आज दुपारी जे घडलं ते झोपण्याआधी लिहून ठेवतो. उद्यापर्यंत थांबलो तर मला सोयीचं होईल असं ते फिरवून ठेवीन. एकतीस वर्षं मी तेच करत आलोय.

सुरुवात बुधवारी झाली. संध्याकाळी कुमसारला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेलो होतो. वर्षातून एकदा तरी गंभीर पापांची कबुली द्यावी, हे चर्चच्या १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने ठरवलं. आमच्या वाडीत बहुतेक जण ते इस्टरच्या तोंडावर करतात, मीही. गुडघे टेकले आणि दरवर्षीची यादी सांगितली. राग, शेजाऱ्याशी धरलेला अबोला, चर्चमधल्या चुकलेल्या दोन मिस्सा, म्हणजे उपासना. शेवटी नेहमीचं वाक्य म्हटलं, "तरुणपणी वडिलांच्या सांगण्यावरून हिशेबात एक चूक झाली होती, त्याचीही क्षमा मागतो."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत एका शब्दानेही बदललेलं नाही. आधीचे फादर ते ऐकून पुढे जात. हे फादर नवीन आहेत, वयाने माझ्या पुतण्याएवढे. त्यांनी विचारलं, "कोणाचा हिशेब?"

मी सांगितलं.

"त्या बाई आहेत अजून?"

"आहेत. पुढच्या वाडीत."

"मग वडिलांना मध्ये का आणता? इथे गुडघे टेकून तुम्ही बसला आहात."

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी पाच वेळा 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला सांगितलं. आणि हळू आवाजात म्हणाले, पैसे परत करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं, ते देणंच आहे. बाहेर येऊन शेवटच्या बाकावर बसलो, पण प्रार्थना म्हणवेना. त्या एका वाक्यात मी किती पळवाटा करून ठेवल्या होत्या ते तेव्हा दिसलं. 'तरुणपणी' म्हणजे तो मी वेगळाच कोणीतरी. 'वडिलांच्या सांगण्यावरून' म्हणजे मी नुसता हात. 'चूक झाली' म्हणजे आपोआप झाली, कोणी केली नाही.

आता काय केलं ते लिहितो.

१९९४ चा मोसम. तेव्हा सिंधुदुर्गचा वेगळा धर्मप्रांत नव्हता, आम्ही पुणे धर्मप्रांतात होतो, आणि वाडीची रापण जोरात चालायची. पावसाळा सरून समुद्र निवला की होडीतून जाळं अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायचं. रापणीचं जाळं एकट्याचं नसतं. घराघरातले तुकडे जोडून ते होतं. म्हणून वाटेही तसेच पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा अंगाचा वाटा. खाण्यापुरती मासळी तिथेच वाळूवर वाटली जायची, बाकीची व्यापाऱ्याकडे. पैसे दर शनिवारी वहीवरून. बाबा रापणीचे म्होरके होते आणि वही माझ्याकडे होती, कारण मी बारावीपर्यंत शिकलो होतो.

पुढच्या वाडीतल्या त्या बाईंना मी काकी म्हणतो. काकीचा घोव, म्हणजे नवरा, त्याच जूनमध्ये काविळीने गेला. त्याचं जाळं रापणीत होतं, पुरं. मोसम सुरू झाला तेव्हा बाबा म्हणाले, "तेचो वाटो अर्धोच लिही. जाळ्याक हात कोण लावतलो आता?" जाळं तुणायला, म्हणजे फाटलेलं सांधायला, माणूस नाही, म्हणून वाटा कमी, असा तो हिशेब. ऐकायला बरा होता. पण तिच्या जाळ्याची तुणणी सगळ्यांच्या जाळ्यांबरोबरच झाली, वेगळा रुपया कोणाला लागला नाही. तो अर्धा वाटा आमच्या घराच्या कौलांत गेला. आजही त्याच कौलांखाली बसून मी हे लिहितोय.

वाटा लिहिण्याची जुनी रीत मला बाबांनीच शिकवली होती. पुरा असेल तर १, अर्धा असेल तर दोन उभ्या रेघा, ॥. काकीच्या घरासमोर मी दर शनिवारी त्या दोन रेघा ओढल्या. तिला वाचता येत नव्हतं. यायची, अंगठा उठवायची, नोटा रुमालात बांधून जायची. एकदाच तिने विचारलं होतं, "इतकेच?" मी ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "वहीत इतकोच आसा."

वहीत तेवढाच होता. मीच लिहिला होता.

बाबा २००९ मध्ये गेले, फादर मरणाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात तो शेवटचा अभ्यंग घेऊन, शांतपणे. त्यांनी या गोष्टीचं काय केलं, मला कळायला मार्ग नाही आणि ते मला विचारलंही जाणार नाही. मरणानंतर माणूस एकटा देवापुढे उभा राहतो आणि त्याचा निवाडा होतो, असं आमचं शिक्षण. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे शाळेतला बाक यायचा, परीक्षेच्या दिवशी एकाआड एक बसवतात तसा. शेजारच्याचं पाहून लिहायची सोय नाही. पण मी मोठा झालो तो शेजारच्याकडे बोट दाखवायला शिकून. आदामाने एदेन बागेत तेच केलं होतं. देवाने विचारलं ते त्याला, आणि तो म्हणाला, तू मला जी स्त्री दिलीस तिने दिलं म्हणून खाल्लं. बायकोकडे बोट, आणि 'तू दिलीस' म्हणून देवाकडेही. स्त्रीने सापाकडे दाखवलं. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेन. त्यात बाबांकडे बोट दाखवणारा मी बुधवारपर्यंत मला दिसलो नव्हतो.

बायबलात यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात लोक एक म्हण म्हणतात, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. आमच्याकडे द्राक्षं नाहीत, भिरंडं म्हणजे कोकमं आहेत, दात आंबण्याचा अर्थ तेवढाच चांगला कळतो. देव म्हणतो, ही म्हण आता इस्राएलात चालणार नाही. जो पाप करील तो त्याचं भोगील, बापाचा दोष मुलावर नाही, मुलाचा बापावर नाही. मी या अध्यायाकडे नेहमी दिलासा म्हणून पाहिलं, बापाचं माझ्या माथी नाही. दुसरी बाजू वाचलीच नाही. माझं बापाच्या माथी नाही.

गुरुवारी रात्री वेंगुर्ल्याच्या मित्राला फोन केला. तो तिथल्या जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळीतला, प्रोटेस्टंट. त्यांच्यात कुमसार नाही, त्यावरून आमचे वर्षानुवर्षं वाद. तो म्हणतो तुम्ही मधे माणूस ठेवता, मी म्हणतो तुम्हाला तोंडावर विचारणारा कोणी नाही. या वेळी वाद झाला नाही. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "वेदीपाशी अर्पण नेलंस आणि भावाचं काही तुझ्याविरुद्ध आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. हे मत्तयात तुझ्याही बायबलात आहे ना?" आहे.

मी त्याला जे मनात सलत होतं तेही विचारलं. प्रभूने क्रुसावर माझ्या पापांचं सोसलं, यावर माझा जीव टांगलेला आहे. मग वर हा हिशेब कसला? तो बराच वेळ बोलला. त्यातलं मला लागलं ते इतकंच, की देवापुढचं माझं देणं मी फेडू शकत नव्हतो, म्हणून ते प्रभूने फेडलं. काकीचं मी फेडू शकत होतो. ते न फेडता त्याच्या क्रुसाआड उभं राहणं म्हणजे आधी बाबांना पुढे केलं तसं आता त्याला पुढे करणं.

शुक्रवारी पोटमाळ्यावरून वही काढली. कडा दमट होऊन फुगल्यात, पण शाई शाबूत आहे. चोवीस शनिवार. बेरीज केली, काकीचे बुडालेले ३,१५० रुपये. बायबलातल्या गणनाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे, मुद्दल पुरं द्यावं आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे ३,७८०. जक्कय मात्र चौपट म्हणाला होता. यरीहोचा मुख्य जकातदार, झाडावर चढलेला तो. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा तो म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. रोमन सरकारने सांगितलं म्हणून घेत होतो, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. मी चौपट धरली, १२,६०० रुपये, आणि पाकिटात घातली. आकडा ठरल्यावर मला हलकं वाटलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आज साडेतीनला गेलो. काकी अंगणात सुपात गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढे गेली आहे, पण बोटं अजून भराभर चालतात. मी समोर पायरीवर बसलो. बाबांचं नाव तोंडात आलं होतं, ते आत ढकललं.

"काकी, त्या वर्साच्या रापणीत तुझो वाटो मी अर्धो लिवलंय. पुरो होतो. माका ठावक होता, तरी लिवलंय."

पाकीट पुढे ठेवलं. तिने त्याकडे पाहिलंच नाही. हात थांबला.

"म्हणजे जाळा पुरा होता?"

"पुरा."

"तेंनी इकूक नाय?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते. मग तिने सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. अर्धा वाटा पाहून तिने धरून चाललं की घोवाने मरण्याआधी अर्धं जाळं गुपचूप विकलं, दारूपायी, आणि तिला न सांगता गेला. त्याला प्यायची सवय होती, म्हणून तिला ते पटलंही. पहिल्या वर्षाची मिस्सा तिने त्याच्यासाठी सांगितली, त्यानंतर नाही. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. तो हेच ऐकत मोठा झाला, की तुझ्या पप्पाने जाळं विकून खाल्लं. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबाचं नाव देतात. त्याने दिलं नाही.

मी एकतीस वर्षं ३,१५० रुपयांची क्षमा मागत होतो. एका मेलेल्या माणसाच्या नावाची क्षमा मी कधी मागितलीच नाही, कारण मी काय केलं होतं ते मलाच माहीत नव्हतं. देवाला माहीत होतं. या विचाराने पोटात गोळा आला, आता लिहितानाही येतो. मेल्यावर माझ्यापुढे वही उघडली जाईल तेव्हा त्यात अशा किती ओळी असतील, ज्यांचा शेवट कुठे लागला ते मी कधी बघायला गेलोच नाही.

"झिलाचो फोन आयतवारी रात्री येता," काकी म्हणाली. "तू ये. तूच सांग तेका. माझ्या तोंडान नको."

उद्या रात्री आठला जायचं आहे. तो आखातात असतो. काय बोलायचं ते मी अजून जुळवलेलं नाही आणि जुळवणार नाही.

मग तिने विचारलं, "वही हाडलंस?"

पिशवीत होती. काढली. "खंय लिवलंस ता दाखय." मी पहिला शनिवार काढून त्या दोन रेघा दाखवल्या. शेजारी तिचा निळा अंगठा होता, एकतीस वर्षांपूर्वीचा. तिने आपला अंगठा त्याच्याजवळ आणला, पण टेकवला नाही. गोलम्याचं मीठ बोटांना होतं, म्हणून असेल.

"पुरो लिही."

नातवाची पेन्सिल तिने आतून आणून दिली. मी ॥ खोडून शेजारी १ लिहिला आणि वही तिच्याकडे फिरवली. तिने पान उलटलं आणि परत माझ्यापुढे सारलं.

"सगळे."

ती पुन्हा सुपाकडे वळली. पाकीट सुपाच्या कडेखाली तसंच होतं. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ते मागायला मी गेलो नव्हतो असं म्हणवत नाही, पण तिथे बसल्यावर तोंड उघडलं नाही. मी लिहीत गेलो. प्रत्येक ओळीवर आधी तिचा अंगठा दिसायचा, मग माझ्या रेघा. पानं एकमेकांना चिकटली होती, फाटू नयेत म्हणून हळू सोडवावी लागत होती.

सोळाव्या-सतराव्या शनिवारापर्यंत आलो तोवर माडांमागे ऊन गेलं होतं आणि मला ओळी नीट दिसेनाशा झाल्या. वही डोळ्यांजवळ धरली. काकी उठली, आत गेली. मला वाटलं, आता जा म्हणून सांगेल. तिने आतला बल्ब लावला, वायर ओढत उंबऱ्यापर्यंत आणला आणि शेवटच्या ओळीपर्यंत हातात धरून उभी राहिली.